सूपशिंग्याची वाट

फार पूर्वी हेमकूल नगरीत विजितसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने हिमवंताच्या पलीकडच्या एका दरीत, सूपशिंग्यांच्या कुळात जन्म घेतला होता.

सूपशिंग्या म्हणजे काय ते आधी सांगायला हवे, कारण आपल्या बाजूला तो कुणी पाहिलेला नाही. हरणाचीच जात, पण उंची घोड्यापेक्षा हातभर जास्त. नराच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना सुपाएवढी रुंद शिंगे, म्हणून लोकांनी नाव पाडले सूपशिंग्या. रूप देताना मात्र निसर्गाने हात आखडता घेतला होता, हे कबूल केलेले बरे. नाक लांबलचक आणि खाली वाकलेले, खांद्यावर वशिंड, गळ्याखाली केसाळ पिशवी लोंबते आहे, आणि पाय इतके उंच की जमिनीवरचे गवत खायचे तर बिचाऱ्याला गुडघे टेकावे लागत. बोधिसत्त्व हरणाच्या जन्माला आला म्हटले की सोन्याच्या कांतीचे हरीण डोळ्यांपुढे येते. हे तसले नव्हते. पण त्याचे वर्ष कसे जात असे ते ऐकाल, तर सोन्याची आठवणही होणार नाही.

उन्हाळ्यात गोमाश्या त्याला जगू देत नसत. तो गळ्यापर्यंत तळ्यात जाऊन उभा राही आणि पाण्याखाली डोके घालून तळाचे कमळाचे देठ उपटून खाई. उन्हाळा सरला की गवताच्या टोकांवर गोचिडांची पिल्ले टपून बसत. दहा-वीस नव्हेत, हजारोंनी अंगावर चढत आणि सबंध हिवाळाभर रक्त पीत. खाज असह्य झाली की तो झाडाला अंग घाशी, केस झडत, आणि ऐन थंडीत खांदे उघडे पडत. त्यातच शिंगे गळून जात. एवढा मोठा जामानिमा दरवर्षी टाकायचा आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून उगवायचा! हिवाळ्यात खायला वाळुंजाच्या झाडांच्या काड्या आणि साली, बस्स. एकदा पहिल्या बर्फात सात लांडग्यांनी त्याला गाठले होते. पळाला असता तर संपला असता. तो एका कातळाला पाठ लावून दोन दिवस उभा राहिला, जवळ येईल त्याला पुढच्या पायाचा तडाखा दिला, आणि तिसऱ्या दिवशी लांडगेच कंटाळून खिंडीपलीकडे निघून गेले.

हे सगळे सोसून तो आणखी एक काम करीत असे. बर्फ साचू लागला की वाळुंजांच्या राईत तो आपल्या कळपासाठी वाटा पाडी. छातीने बर्फ फोडत तो पुढे, मागे त्याची मादी, तिच्या मागे त्या वर्षीचे पाडस, मग बाकीचे पाच-सहा जण. पुन्हा बर्फ पडला की पुन्हा तेच. राईच्या आत अशा तुडवलेल्या वाटा, आणि बाहेर चहूकडे गळ्याइतका भुसभुशीत बर्फ. त्यात लांडगे रुतत, म्हणून फिरकत नसत. सबंध कळप त्या राईत किल्ल्यात असल्यासारखा सुरक्षित राही.

त्याच दरीत वेतसग्राम नावाची बारा घरांची शिकाऱ्यांची वस्ती होती. तिथे धूमक नावाचा माणूस राहत असे. जनावराचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच येताजाता सर्वांना सांगत असे. स्वभावाने हट्टी, बोलायला फटकळ, पण मुलीवर जीव टाकणारा. कुसुंभा ही त्याची एकुलती एक मुलगी.

त्या वस्तीची एक रीत होती. मागावर चालायचे ते जनावराच्या पावलांच्या वीतभर बाजूने. ज्याच्या पावलात आपले पाऊल पडले तो आपला सोयरा झाला, आणि सोयऱ्यावर बाण टाकायचा नाही. लहान मूल चालायला लागले की आधी त्याला हे शिकवत. मोठ्या शिकाऱ्याचे पाऊल चुकून मागात पडले, तर तो हातातोंडाशी आलेली शिकार सोडून मुकाट्याने घरी परतत असे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी बर्फ वीस दिवस आधीच आला. कुसुंभाचा नवरा नंदिक वस्तीचे हिवाळ्याचे धान्य आणायला खेचरे घेऊन खिंडीपलीकडच्या खालच्या दरीत गेला होता. तो तिकडेच अडकला. जवाची पोती तिकडे, खाणारी तोंडे इकडे, आणि मधली खिंड बर्फाने बुजलेली. दोन तरण्या शिकाऱ्यांनी पलीकडे जाण्याचा प्रयत्न केला. छातीभर बर्फात अर्ध्या दिवसात शंभर पावले चालून ते परतले, एकाच्या पायाची बोटे काळी पडली. घरांतले साठे संपले. लोक कातडी उकळून पिऊ लागले. अशात कुसुंभा बाळंत झाली. नवव्या दिवशी तिचे दूध आटले. बाळ आधी मोठ्याने रडत होते, मग बारीक रडू लागले, मग त्याचे तोंड नुसतेच हलू लागले.

ते पाहून धूमक धनुष्य घेऊन उठला. एक सूपशिंग्या मिळाला तर सगळी वस्ती जगेल, एवढेच त्याच्या मनात होते.

राईच्या बाहेर पाऊण कोसावर, जिथे बोधिसत्त्व नव्या सालींच्या शोधात गेला होता, त्याला माग सापडला. माग कसला, चरच होता तो! छातीने बर्फ फोडून पाडलेला, खेचर जाईल एवढा रुंद, तळाशी तुडवून घट्ट केलेला. धूमकाने असला माग जन्मात पाहिला नव्हता. त्यात उतरला असता तर घरच्या अंगणात चालावे तसा चालला असता. पण रीत ती रीत. तो चराच्या काठाने, वीतभर अंतर राखून, कमरेइतक्या बर्फातून स्वतःला ओढत निघाला. दुपारपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आणि एका ठिकाणी, जिथे खाली ओढा होता, तिथे बर्फ खचला आणि तो काखेपर्यंत आत गेला. पाय टेकेनात. जितकी धडपड करावी तितका तो खाली जाई. हात तेवढे मोकळे होते, आणि हातात धनुष्य होते.

धडपडीचा आवाज ऐकून बोधिसत्त्व चरातून परत आला आणि त्याच्यापुढे दहा हातांवर उभा राहिला. धूमकाने बाण लावला. एवढ्या जवळून आंधळाही चुकला नसता.

बोधिसत्त्व पळाला नाही. त्याने विचारले, "भल्या माणसा, एवढी वाट शेजारी असताना तू बाहेरून का चालत होतास?"

धूमकाला खोटे बोलायचे सुचले नाही. त्याने रीत सांगितली. वाटेत पाय टाकला असता तर तुला मारता आले नसते, म्हणाला.

"म्हणजे मला मारता यावं म्हणून तू मरायला निघालास," बोधिसत्त्व म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण धूमकाला तो लागला.

मग बोधिसत्त्वाने विचारले की घरी किती माणसे आहेत, आणि माझे मांस त्यांना किती दिवस पुरेल. धूमकाने अंदाज केला. चाळीसवर माणसे, काटकसरीने खाल्ले तर अठरा दिवस. आणि बर्फ कधी वितळेल? अजून दोन महिने तरी, आणि तोवर धान्य खिंडीपलीकडे अडकलेले. हे बोलता बोलता त्याचे त्यालाच कळले की आपण बारा घरांना जगवायला निघालेलो नाही, अठरा दिवस उशिरा मारायला निघालो आहोत.

"धान्य खिंडीपलीकडे आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "खिंडीपर्यंत वाट पाडायला मला चार दिवस लागतील. तू म्हणत असशील तर पाडतो. पण तुला माझ्या मागून यावं लागेल, वाटेतून."

इथे धूमक अडला, आणि त्याला नावे ठेवू नयेत. बाण सोडला तर अठरा दिवस नक्की होते. वाटेत पाय टाकला तर ते गेले. आणि हे जनावर खिंडीत थकून पडले, तर मांसही नाही आणि वाटही नाही. कुसुंभाच्या बाळाकडे अठरा दिवस कुठले, चार तरी होते की नाही कोण जाणे. त्याने बोधिसत्त्वाकडे पाहिले. शिंगे गळालेली, खांद्यांवरचे केस झडलेले, गोचिडांनी मान भरलेली. पण चार पाय बर्फात असे रोवलेले की मनुष्याने विश्वास टाकावा. धूमकाने दोरीवरून बाण काढला.

बोधिसत्त्वाने मान खाली केली. शिंगे नव्हती, तेव्हा धरायला गळ्याखालची पिशवीच उरली होती. धूमकाने ती दोन्ही हातांनी धरली आणि बोधिसत्त्वाने त्याला ओढून चरात घेतले. त्याचे दोन्ही पाय खुरांच्या खळग्यांत पडले. तेव्हापासून तो बोधिसत्त्वाला 'दादा' म्हणू लागला.

निघण्यापूर्वी बोधिसत्त्वाने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. खिंडीपलीकडे लांडगे आहेत. वाट झाली की ती त्यांनाही झाली. राईत माझी मादी आहे, पाडस आहे. धूमकाने शब्द दिला, "दादा, वाट उघडली की त्याच पावली माणसं परत फिरवीन. राईच्या तोंडाशी रात्रंदिवस जाळ ठेवीन."

पहिले दोन दिवस वाट बरी निघाली. बोधिसत्त्व मागचे पाय रोवी, छाती पुढे टाकी, बर्फ दबला की एक पाऊल सरके, आणि पुन्हा छाती टाकी. दिवसभर तेच. धूमकाने आयुष्यभर बलदंड जनावरे पाहिली होती, पण बळ हे असे जपून, पावलापावलाने खर्च करायचे असते हे त्याने प्रथमच पाहिले. वर झाडे संपली तसा बर्फावर कडक पापुद्रा लागला. तो फुटे तेव्हा त्याच्या कडा सुरीसारख्या गुडघ्यांत घुसत. वाटेवर रक्ताचे थेंब पडू लागले. खायला काडीही नव्हती. धूमक चरातून धावत खाली जाई, वाळुंजाच्या फांद्यांचा भारा पाठीवर घेऊन वर येई, आणि तोंडाशी धरी. शिकारी माणूस जनावराचा गडी झाला होता, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. विसाव्याला तो बधिर बोटांनी बोधिसत्त्वाच्या मानेवरचे गोचीड उपटी. एकदा त्याने एक गोचीड चिरडायला नख लावले, तर बोधिसत्त्व म्हणाला, नुसता बाजूला टाक. धूमक पुटपुटला की दादा, हे जरा अतीच होतंय. पण टाकला बाजूला.

चौथ्या दिवशी खिंडीच्या ऐन माथ्याखाली बोधिसत्त्वाचे पुढचे पाय दुमडले आणि तो बसला. धूमकाने फांद्या पुढे केल्या. त्याने तोंड उघडले नाही. हातची शिकार सोडली आणि वाटही अर्धवट राहिली, आता वस्तीला काय तोंड दाखवू, असे त्याला झाले. तेवढ्यात त्याला खालून बारीक आवाज ऐकू आला. चरातून माणसे येत होती. सर्वांत पुढे कुसुंभा होती, बाळाला छातीशी बांधून. घरी बसून मरण्यापेक्षा बापाच्या मागावर जावे म्हणून ती निघाली होती, आणि तिला पाहून चालता येणारे सगळेच निघाले होते. चालता न येणारी सात म्हातारी माणसे तेवढी मागे राहिली होती. सगळ्यांचे पाय खुरांच्या खळग्यांत होते. कुणी बाजूने चालत नव्हते.

कुसुंभा बोधिसत्त्वाजवळ येऊन थांबली. तिने फक्त बाळाच्या तोंडावरचे पांघरूण सारले. बोधिसत्त्वाने त्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले. मग तो आधी मागच्या पायांवर, मग गुडघ्यांवर, मग चारी पायांवर उभा राहिला आणि त्याने माथ्यावरच्या बर्फात छाती टाकली. उन्हे कलायच्या आत खिंड फुटली. पलीकडे उतारच होता. संध्याकाळी नंदिकाने वर पाहिले, तर सबंध वस्ती एका टक्कल पडलेल्या जनावराच्या मागून खाली येत होती.

जवाची गरम पेज सर्वांच्या पोटात गेली. कुसुंभा दोन वाट्या प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दूध आले. बाळ वाचले, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

पण धूमकाने शब्द दिला होता, त्याच पावली फिरण्याचा. पेज प्यायल्यावर तो घटकाभर पाठ टेकायला म्हणून आडवा झाला. उठला तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारी. बाकीचेही तसेच पसरलेले होते. आणि बोधिसत्त्व जागेवर नव्हता.

धूमक नंदिकाला खेचरे घेऊन मागून यायला सांगून एकटाच वर धावला. खिंडीत पोहोचल्यावर त्याने खाली पाहिले आणि त्याचे पाय थांबले. चरात सूपशिंग्याचे ताजे खूर उमटले होते. ते लांडग्यांच्या पंज्यांवर उमटले होते. म्हणजे लांडगे आधी गेले होते. माग वाचण्यात आपला हात धरणारा कुणी नाही असे म्हणणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी वाटले, आपल्याला माग वाचताच आला नसता तर बरे झाले असते.

राईत मादी कळपापासून वेगळी, एकटीच उभी होती. बोधिसत्त्व तिच्यापासून थोडा दूर उभा होता. पाडस नव्हते. मादी बोधिसत्त्वाला म्हणत होती, "तू वाट केलीस. त्या वाटेनं ते आले." ते खरे होते.

धूमक पुढे झाला. त्याने कारणे सांगितली नाहीत, पायाही पडला नाही. "दादा, मी झोपलो," एवढेच म्हणाला.

बोधिसत्त्वाने पाडस जिथे उभे राही त्या तुडवलेल्या जागेकडे पाहिले. त्याला दुःख झाले नाही असे कुणी समजू नये. मग तो म्हणाला, "तू उपाशी होतास, धूमका. मीही झोपलो होतो. आणि लांडग्यांनाही हिवाळा आहे."

धूमकाने तिथेच राईच्या तोंडाशी जाळ पेटवला आणि तो राखत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोठा बर्फ पडू लागला. दुपारपर्यंत चर बुजला, कुठे होता तेही कळेना. खेचरे आणि बाकीची माणसे खिंडीपलीकडेच राहिली. वस्तीतली सात म्हातारी माणसे अजून उपाशी होती. धूमकाला सगळे कळत होते, पण मागायला त्याची जीभ उचलेना. कुठल्या तोंडाने मागणार होता? तो जाळाकडे बघत बसून राहिला.

बर्फ थांबला तसा बोधिसत्त्व उठला. सुजलेल्या गुडघ्यांनी चालत तो राईच्या तोंडाशी आला. तिथे, जिथे जुनी वाट सुरू होत होती, तिथे त्याने मागचे पाय रोवले आणि छाती बर्फात टाकली. त्याला कुणी सांगितले नव्हते. धूमक ओंजळीत तोंड लपवून रडू लागला.

मादी उभी होती. ती त्याच्याकडे पाहत राहिली, खूप वेळ. मग ती पुढे आली आणि त्याच्या मागे, आपल्या जागेवर, चालू लागली. त्याने फोडलेला बर्फ ती तुडवीत होती, वाट रुंद आणि घट्ट करीत होती. त्या दोघांनी पाच दिवसांत पुन्हा खिंड उघडली. खेचरे आली, सातही म्हातारी माणसे जगली. या वेळी वस्तीतला कुणीही झोपला नाही. हिवाळा सरेपर्यंत घरटी एक माणूस जाळाशी पहारा देत राहिला, आणि राईत पुन्हा लांडग्याचा पंजा उमटला नाही. विजितसेन राजाच्या कानावर हे गेले तेव्हा त्याने सूपशिंग्यांना राज्यभर अभय दिले. वेतसग्रामात तर कुणी त्यांच्यावर बाण टाकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आता ते सगळे सोयरेच झाले होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, सुनेत्त नावाच्या एका भिक्षूला सांगितली. साधनेत एकदा मोठी चूक झाल्यामुळे त्याचा उत्साह गळाला होता, आणि आता पुन्हा आरंभ करण्यात अर्थ नाही असे म्हणून तो चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, उतरवायला निघाला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "सुनेत्ता, त्या वेळचा धूमक तूच होतास. कुसुंभा ही आजची भिक्षुणी वासवा, नंदिक हा विहाराला धान्य पुरवणारा उपासक पुण्णक, आणि वेतसग्रामाचे लोक म्हणजे इथे बसलेला हा संघ. सूपशिंग्या मीच होतो."

वासवेने विचारले, "आणि ते पाडस, भंते?"

शास्त्यांनी सुनेत्ताकडे पाहिले. ते म्हणाले की पहिली वाट आशेने पाडता येते. दुसरी ज्या बळाने पडते, त्याला वीर्यपारमिता, म्हणजे न खचणाऱ्या प्रयत्नांची पूर्णता, म्हणतात. सुनेत्ताने चीवर पुन्हा नीट केले आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.